पाण्यातील ग्राफीन ऑक्साइडची तयार बाटली : वर्षभर वापरल्यानंतर

पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या द्रावणात ग्राफीन ऑक्साइड (ग्राफाइटपासून मिळणारे कार्बनचे अतिशय पातळ, ऑक्सिजनयुक्त पापुद्रे) मिसळल्यावर ते मिश्रण कसे वाहते, याचे काम आमच्या प्रयोगशाळेत वर्षभर चालू आहे. त्यासाठी एका देशी पुरवठादाराकडून आम्ही पाण्यात विखुरलेले तयार ग्राफीन ऑक्साइड घेतो. बाटली 250 मिलिलीटरची असते आणि लेबलवरचे प्रमाण मिलिलीटरला 4 मिलीग्रॅम असते.

तयार माल घेण्यात मोठी सोय आहे, हे आधी मान्य करतो. हमर्स आणि ऑफमन यांनी 1958 साली दिलेल्या पद्धतीत ग्राफाइटवर संहत सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांची प्रक्रिया करतात, पण खरा जीव जातो तो नंतरच्या धुण्यात. आम्ल आणि क्षार निघून जाऊ लागले की पदार्थ जेलीसारखा फुगतो आणि सेंट्रिफ्यूजमध्ये कितीही फिरवला तरी खाली बसेनासा होतो. हे सगळे श्रम बाटलीमुळे वाचतात.

पहिल्या बाटलीवर आम्ही बेहद्द खूश होतो. काकवीच्या रंगाचे ते द्रव कुपीत हलकेच फिरवले की आत रेशमी लहरी उमटत, आणि कुपी दोन ध्रुवकांच्या (प्रकाशाला एकाच दिशेत कंप पावू देणाऱ्या पट्ट्यांच्या) मध्ये धरली की त्याच लहरी उजळून दिसत, कारण जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे प्रवाहाच्या दिशेने रांगेत लागतात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल 90 अंशांच्या आसपास विरघळवून, पूर्ण थंड करून मगच त्यात हे मिसळले. नुसते पॉलिमरचे पातळ द्रावण रिओमीटरवर, म्हणजे द्रव फिरवून त्याचा घट्टपणा मोजणाऱ्या यंत्रावर, कमी-जास्त वेगाला जवळजवळ सारखेच वागते. ग्राफीन ऑक्साइड पडताच मात्र ते संथ वेगाला घट्ट आणि जलद वेगाला पातळ झाले, आणि फिरवणे थांबवल्यावर थोड्या वेळाने पुन्हा सावरले. पापुद्र्यांवरचे ऑक्सिजनयुक्त गट आणि पॉलिमरच्या साखळीवरचे हायड्रॉक्सिल गट यांच्यातील हायड्रोजन बंधांनी विणलेली जाळी घुसळल्यावर मोडते आणि स्थिर ठेवल्यावर पुन्हा जुळते. छपाईच्या शाईला नेमके हेच वागणे हवे असते.

दुसरी बाटली आली तेव्हा लेबलवर एका अक्षराचाही फरक नव्हता. त्याच प्रमाणात मिश्रण केले, कुपी उलटी धरली, आणि पहिल्या वेळी तळाशी घट्ट धरून राहिलेला गोळा या वेळी सरळ झाकणाकडे घसरला. चूक आपलीच असावी असे समजून पॉलिमर पुन्हा तोलले, रिओमीटरची शंकू-तबकडी पुसून पुन्हा लावली, कडेने पाणी उडू नये म्हणून झाकणही बसवले. निकाल बदलला नाही. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कारण कळले : या खेपेतील पापुद्रे पहिल्यापेक्षा बरेच लहान होते. सोनिकेटरमध्ये, म्हणजे अतिध्वनी लहरींनी हादरे देणाऱ्या यंत्रात, जास्त वेळ ठेवले की पापुद्रे सुटे होतात खरे, पण त्यांचे तुकडेही पडतात, आणि तेवढ्याच वजनाचे लहान तुकडे मोठ्या पापुद्र्यांसारखी जाळी धरत नाहीत.

माझी तक्रार मालाच्या शुद्धतेबद्दल मुळीच नाही, ती लेबलबद्दल आहे. प्रवाहासाठी घेणाऱ्याला नुसते प्रमाण सांगून भागत नाही. पापुद्र्यांचा सरासरी आकार आणि सामू (pH) हे दोन्ही आकडे हवेतच. आम्लधर्मी असताना हे मिश्रण जेल होऊन बसते आणि अल्कली घातली की वाहू लागते, कारण कार्बॉक्सिल गटांवर ऋणभार येऊन पापुद्रे एकमेकांना दूर लोटतात. धुण्यात थोडा कमी-जास्तपणा झाला तरी पुढचे सारे मापन हलते. बाटली गोठू देऊ नये, ही सूचनाही लेबलवर नव्हती. बर्फ होताना पापुद्रे एकमेकांवर दाबले जातात आणि वितळल्यावर गाठी उरतात, म्हणून ही सूचना ठळक छापायला हवी.

पत्र पाठवल्यावर पुरवठादाराने टाळाटाळ केली नाही, ही गोष्ट मी आवर्जून नोंदवतो. तिसऱ्या बाटलीसोबत खेप क्रमांक, सामू आणि पापुद्र्यांच्या आकाराचा आलेख असलेला कागद आला, आणि तिच्यापासून केलेले मिश्रण पहिल्यासारखेच कुपीच्या तळाशी धरून राहिले. चौथी मागणी नोंदवली आहे. या वेळी संपूर्ण काम पुरेल एवढा माल एकाच खेपेतून मागितला आहे.