जेशेल वापरून बघा, ऑपरेटर प्रिसिडन्स डोक्यात बसेल

जावा नुकतं शिकायला घेतलं असेल तर प्रिसिडन्सचा, म्हणजे कोणतं चिन्ह आधी सोडवायचं याचा, तो लांबलचक तक्ता पाठ करत बसू नका, सरळ जेशेल उघडा, म्हणजे जावाची एकेक ओळ टाकून लगेच उत्तर बघायचं साधन. जावा ९ पासून म्हणजे २०१७ पासून हे जेडीकेसोबतच (जावात प्रोग्रॅम लिहायच्या साधनांचा संच) फुकट येतं, टर्मिनलवर नाव टाइप केलं की सुरू. क्लास नको, मेन मेथड नको, साध्या गणिताला शेवटी सेमीकोलनपण नको, एंटर दाबलं की उत्तर समोर.

आपल्या मराठी शाळावाल्यांना तर हे फारच उपयोगी आहे, कारण आपल्या डोक्यात कंचेभागुबेव इतकं घट्ट बसलंय की भागाकार गुणाकाराच्या आधीच होणार असं वाटतं. जेशेलमध्ये ८ * ३ / २ टाका, १२ येईल. भागाकार आधी झाला असता तर ३ / २ चं इंटमध्ये (जावातला पूर्णांकांचा प्रकार) १ झालं असतं आणि उत्तर ८ आलं असतं! वहीत आपण दीड धरतो म्हणून कसंही केलं तरी १२च येतं, जावा मात्र इंटमधला अपूर्णांक सोडून देतं, म्हणून क्रम महत्त्वाचा. *, / आणि % (भागाकाराची बाकी काढायचं चिन्ह) तिघं एकाच पायरीवर, डावीकडून जो आधी दिसेल तो आधी. + आणि - चंही तसंच, १० - ४ + ३ चे ९ होतात, ३ नाही.

मग फॅरनहाइटचं सेल्सिअस करून बघा. ५ / ९ * (९८ - ३२) चं उत्तर चक्क ०, कारण कंस सुटला तरी ५ / ९ आधीच शून्य झालेलं असतं. तेच (९८ - ३२) * ५ / ९ लिहिलं की ३६. आणि २ ^ ३ चं ८ येईल असं धरून चालू नका, १ येतं, जावात ते चिन्ह घाताचं नाहीच, एक्सॉरचं आहे, म्हणजे दोन संख्यांचे बिट्स ताडून बघणारं.

कमी काय, तर जेशेल फक्त शेवटचं उत्तर देतं, मधल्या पायऱ्या दाखवत नाही, त्यामुळे नवख्याला "असं का" हे स्वतः तुकडे करून शोधावं लागतं. उत्तर इंट आहे की डबल (दशांशवाला प्रकार) हेही आपणहून सांगत नाही, त्यासाठी फीडबॅक मोड व्हर्बोज (जास्त तपशील दाखवणारा) करून घ्या, नक्की करा, निम्मे घोळ तिथेच कळतात. मोठा कोड लिहायला मात्र वैताग येतो, त्याला आयडीईच (कोड लिहायचं पूर्ण सॉफ्टवेअर) बरा.

माझ्याकडून पाचपैकी चार. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून जावा ८ असेल तर त्यात हे मिळणार नाही, घरी नवीन जेडीके टाकून घ्या.