घुमटीकडचं वळण आणि नऊ नंबरची गाडी

फोंड्यात माझं दुचाकींचं गॅरेज आहे. दिवसभर लोकांचे ब्रेक मीच लावतो, त्यामुळे दुसऱ्याने लावलेल्या ब्रेकवर माझा सहसा विश्वास बसत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण भाच्याच्या हट्टापायी ज्या गो-कार्ट ट्रॅकवर माझे दोन रविवार आणि एक बुधवार गेले, त्याच्याबद्दल लिहिताना ब्रेकवरून थोडी कुरकुर होणार आहे. ट्रॅकचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, आणि जे बोलायचं ते मी त्यांच्या तोंडावर बोलून आलोय.

जागा चिऱ्याच्या पठारावरची. खाली काजूची झाडं, वर उघडं माळरान, त्यात मधोमध डांबराची वळवळ. पावसाळ्यात फाटकाला कुलूप. आम्ही गेलो तेव्हा नोव्हेंबर होता, गवत बुडाशी हिरवं आणि शेंड्याला पिवळं पडलेलं. फाटकावर फॉर्म भरून घेतात (हात मोडला तर तुमचा तुम्ही, अशा अर्थाचा), मग डोक्याला कापडी टोपी आणि वर हेल्मेट. टोपी कोरी असते. हेल्मेटला मात्र आपल्या आधीच्या दहा जणांचा घाम असतो. भाच्याला त्याचं काही नाही. मी रुमाल बांधला.

पहिल्या रविवारी मला चार नंबरची गाडी दिली. बसलो, ब्रेकचं पॅडल दाबलं, तर पाय ताकात बुडाल्यासारखा गेला. दोनदा पंप केलं, मग कडक झालं. मी हात वर केला.

ट्रॅकवरचा पोरगा धावत आला. "पात्रांव, सगळ्यांचे तसेच असतात."

"तसेच नसतात रे. लाइनीत हवा आहे. ब्लीड करून ती काढल्याशिवाय ही गाडी कोणाला देऊ नकोस."

त्याने दोन क्षण माझ्याकडे पाहिलं, मग बोटांकडे पाहिलं. ग्रीस नखांतून जात नाही आमच्या. काही न बोलता त्याने चार नंबर बाजूला लावली आणि नऊ नंबर आणून दिली. दुसऱ्या रविवारी चार नंबर पुन्हा रांगेत होती, पण पॅडल कडक होतं. मी मुद्दाम दाबून पाहिलं. तरी तक्रार राहतेच: गिऱ्हाईक मेकॅनिक निघालं म्हणून हवा सापडली. रोज सकाळी पहिली गाडी सुटण्याआधी हे कोणीतरी बघायला हवं.

भाड्याची कार्ट म्हणजे एक अजब प्रकार. अशी गाडी कोणी गॅरेजात आणली तर मी म्हणेन, अर्धी घरी विसरलास का? सस्पेन्शन नाही, गिअर नाही, डिफरन्शियल नाही. मागे एक लोखंडी दांडा, त्याच्या दोन टोकांना दोन चाकं, दोन्ही एकाच वेगाने फिरणारी. ब्रेकही त्या दांड्यालाच, एकच डिस्क. पुढच्या चाकांना ब्रेक नाही. आता वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. मोटारीत ते डिफरन्शियल सांभाळतं. कार्टमध्ये वेगळी युक्ती आहे: पुढची चाकं अशा तिरक्या खुंटीवर बसवतात की स्टिअरिंग वळवलं की मागचं आतलं चाक जमिनीवरून जरासं उचललं जातं. हे ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. म्हणून बुधवारी गर्दी नसताना कठड्याशी गुडघ्यावर बसलो. भाचा वळणात शिरला आणि चाकाखाली बोटभर उजेड दिसला. चाक पुन्हा टेकलं तसा टायरने एक छोटा 'किच' आवाज केला आणि गाडी सुटली. एवढ्यासाठी पंचेचाळीस किलोमीटर गाडी हाणली असं ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुला डॉक्टरला दाखवायला हवं."

आता ट्रॅक. एकूण दहा-बारा वळणं असतील, त्यातली निम्मी नुसती भरतीची. टायरच्या रांगांमधून नागमोडी जायचं, पुढच्याच्या मागे मागे, देवळाच्या रांगेत उभं राहिल्यासारखं. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पण एक वळण असं आहे की त्याच्यासाठी मी पुन्हा जाईन.

पिटसमोरून, म्हणजे गाड्या सुटतात तिथून, निघालं की सरळ पट्टा लागतो, अंगाला जाणवेल न जाणवेल अशा उताराचा. टोकाला चिऱ्याची भिंत, भिंतीपलीकडे पांढरी घुमटी. तिथे डावीकडे पुरतं मागे फिरायचं, आणि फिरल्या फिरल्या चढ. आम्ही त्याला घुमटीकडचं वळण म्हणायला लागलो. उतारावर ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक तर फक्त मागेच. थोडा उशीर झाला किंवा थोडं वळवून मग दाबला, की गाडी गिरकी घेऊन आलेल्या वाटेकडे तोंड करून उभी. आणि सावधपणे अगदी हळू गेलात, तर पुढे चढ आहे आणि इंजिन बिचारं लहान. वेग एकदा मेला की चढ संपेपर्यंत मेलाच.

खरी गंमत इथेच आहे. वळणाचं तोंड रुंद ठेवलंय, दोन गाड्या शेजारी शेजारी मावतात. आतून घुसणारा पुढे जातो, पण त्याचं वळण तोकडं होतं, चढावर त्याचा दम निघतो. बाहेरून ऐसपैस फिरणारा आधी मागे पडतो आणि चढावर परत गाठतो. दुसऱ्या रविवारी मी आणि भाचा सहाव्या फेरीपासून हेच करत होतो. तो आतून घुसायचा, मी चढावर त्याला धरायचो. आठव्या फेरीत त्याला ती युक्ती कळली आणि तोही बाहेरून गेला, तेव्हा मी आतून घुसलो. नवव्या फेरीत आम्ही दोघेही ब्रेक मारायला विसरलो असं म्हणू. मी कसाबसा वळलो, तो सरळ चिऱ्याच्या खडीत. बाहेर आला तेव्हा दात सोडून सगळा तांबडा होता.

ती खडी त्यांनी काढू नये. हल्ली बऱ्याच मोठ्या सर्किटांवर वळणाबाहेरही डांबरच असतं. चुकलेला ड्रायव्हर फेरफटका मारून परत येतो. सुरक्षित आहे, मान्य. पण चुकीची किंमत मोजावी लागणार नसेल तर उशिरा ब्रेक मारण्यात धाडस ते कसलं?

2011 साली मी आणि माझा एक मित्र गोवा एक्सप्रेसने दिल्लीला गेलो होतो, ग्रेटर नोएडाची पहिली फॉर्म्युला वन शर्यत बघायला. 30 ऑक्टोबर. बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटर लांब, आणि तिथलं तिसरं वळण आमच्या घुमटीकडच्या वळणाचा थोरला भाऊ शोभावा असं. चढावर, तोंडाशी मुद्दाम रुंद केलेलं, आणि त्यातून सुटलं की किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा. आराखडा काढणाऱ्या हेर्मान टिल्केचा हिशोब तोच होता: रुंद तोंडामुळे दोन वाटा निघाव्यात, आणि वळणातून कोण कसा बाहेर पडला त्याचा निकाल पुढच्या पट्ट्यावर लागावा. शुक्रवारच्या सरावात ट्रॅकवर कुत्रा आला म्हणून सगळं थांबवावं लागलं होतं. बातमी वाचून आम्हाला घरच्यासारखं वाटलं.

त्या दिवशी आवाज काय होता! 2.4 लिटरचं आठ सिलिंडरांचं व्ही-8 इंजिन, मिनिटाला 18,000 फेरे. मोटारसायकलचं इंजिन त्याच्या निम्म्याच्याही आत फिरवलं तरी माझं काळीज वाल्वपाशी जातं. पण शर्यत? जर्मनीचा सेबास्टियन वेटेल पहिल्या फेरीपासून साठाव्या फेरीपर्यंत पुढे. ड्रायव्हरांनी सर्किटचं कौतुक केलं, पुढची दोन वर्षंही तिथे वेटेलच जिंकला, आणि आम्हाला आमच्या स्वस्तातल्या जागेवरून दर फेरीला मोजके काही सेकंद गाडी दिसली. उरलेला वेळ पडद्याकडे पाहण्यात गेला. आपला भारताचा नारायण कार्तिकेयन सतरावा आला. तो समोरून गेला की आमच्या बाजूचा सगळा स्टँड उभा राहायचा. पुढे काय चाललंय याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं.

म्हणून भाचा जेव्हा विचारतो, "मामा, सगळ्यात भारी सर्किट कुठलं?" तेव्हा मी उलट विचारतो, चालवायला की बघायला? मोनाको घे. 3.337 किलोमीटर, गावातलेच रस्ते. ड्रायव्हरला तिथे एकट्याने एक फेरी मारायला सांगा, भिंतीला टायर घासत जाण्याची ती मजा त्याला दुसरीकडे मिळायची नाही. पण पणजीत मळ्याच्या गल्लीत जसं समोरून गाडी आली की कोणीतरी मागे घेतल्याशिवाय सुटका नसते, तशी तिथे रविवारी शर्यतीत गत. 2024 मध्ये पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचले. मी दुसऱ्या निम्म्यात झोपलो.

स्पाचं वेगळं. बेल्जियमच्या जंगलात 7.004 किलोमीटर. इकडे फोंड्यात धो धो आणि म्हार्दोळला रस्ता कोरडा, हे आपण दर जूनमध्ये बघतो. तिथे ते एकाच फेरीत होतं. कुठले टायर लावायचे यावरून मोठमोठ्या टीमांची फजिती होते. तिथल्या नामांकित वळणाचं नाव ओ रूज, म्हणजे तांबडं पाणी. खालून जाणाऱ्या ओढ्याला लोखंडाचा तांबूस रंग आहे म्हणून. आपल्या खाणपट्ट्यातल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. उतरत उतरत त्या ओढ्यावर यायचं आणि लगेच तिरकं वर चढायचं. माथ्यापलीकडे काय आहे ते वर पोचेपर्यंत दिसत नाही.

बघणाऱ्याच्या दृष्टीने मला ब्राझीलचं इंटरलागोस आवडतं. जमीन मुळातच खोलगट, त्यामुळे स्टँडवरून ट्रॅकचा बराच भाग नजरेत येतो. 2008 च्या हंगामाची शेवटची शर्यत आम्ही गॅरेजात टीव्हीवर पाहिली. ब्राझीलचाच ड्रायव्हर फेलिपे मासा जिंकून रेषेपार गेला होता, त्याच्या घरच्यांनी नाचायला सुरुवात केली होती, आणि तिकडे ओल्या रस्त्यावर शेवटच्या वळणांत लुईस हॅमिल्टनने पुढच्या टिमो ग्लॉकला गाठलं. एका गुणाने जगज्जेतेपद मासाकडून हॅमिल्टनकडे फिरलं. माझ्या हातात कोणाच्यातरी स्कूटरचा कार्बोरेटर होता, तो खाली पडला.

आता माझी मुख्य तक्रार. या आपल्या ट्रॅकवर बघणाऱ्यांसाठी पत्र्याची शेड कुठे बांधलीय? कँटीनला लागून, पिटच्या मागे. तिथून दिसतात फक्त पळणारी हेल्मेटं. ताई दोन्ही रविवारी तिथे बसली आणि तिला आपला मुलगा खडीत गेलेला कळला तो त्याचे कपडे बघून. घुमटीच्या भिंतीलगत उंचवटा मोकळा पडलाय, जांभळाची सावली आहे. तिथे चार बाकं टाकली तर उताराचा पट्टा, ब्रेक मारायची जागा आणि चढ, तिन्ही एका नजरेत येतात. मालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, लोक खाण्यासाठी कँटीनजवळ बसतात. मी म्हटलं, लोक कँटीनजवळ बसतात कारण दुसरीकडे बाकच नाही. त्यावर ते हसले. चहा मात्र त्यांनी पाजला.

दुसरी गोष्ट पहिल्या आणि तिसऱ्या भेटीच्या मधल्या दिवसांतली. बुधवारी गेलो तर घुमटीच्या वळणाच्या तोंडाशी बाहेरच्या बाजूने टायरची एक रांग आत सरकवलेली. कोणीतरी भिंतीला जाऊन लागलं होतं म्हणे. काळजी घ्यावी, पण भिंतीपुढे टायरचे दोन थर वाढवून ती घ्या. तोंड अरुंद केलं की बाहेरची वाट गेली, आणि बाहेरची वाट गेली की ते वळणही बाकीच्या भरतीच्या वळणांसारखं झालं. पोराने माझं ऐकून घेतलं. सरकवतो म्हणाला नाही, पण नाही असंही म्हणाला नाही.

गाड्या सारख्या नाहीत, हे जाणाऱ्यांनी धरून चालावं. नऊ आणि अकरा दमदार आहेत. दोन नंबरची चेन ढिली वाजते. मित्रांमध्ये पैज लावणार असाल तर पाच-पाच फेऱ्यांनी गाड्या बदलून घ्या, नाहीतर जिंकेल ती गाडी आणि मिरवेल माणूस. शेवटी वेळेची छापील चिठ्ठी मिळते. भाच्याची माझ्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने सरस आहे आणि ती त्याने माझ्याच गॅरेजात पंक्चरच्या दरफलकाशेजारी चिकटवलीय. कँटीनमध्ये पातळ भाजी आणि पाव चांगला, रस ऑमलेट पाणचट. दोन्ही पॅडलं एकदम दाबू नका, क्लच जळतो आणि तो वास मग दिवसभर राहतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

आणि साडेचारनंतर त्या पट्ट्यावर ऊन सरळ डोळ्यांत येतं, भिंत दिसते पण ब्रेकची खूण दिसत नाही. तीनचा स्लॉट मागा, आणि नऊ नंबर मिळाली तर आधी पॅडल दाबून बघा.