चार महिने संगणक शिकले, त्याबद्दल

दृष्टिहीन मुलींसाठीच्या एका निवासी प्रशिक्षण केंद्राबद्दल लिहितेय. तक्रारीही आहेत, म्हणून नाव देत नाही.

माझी नजर अकरावीपासून जात गेली. 2024 मध्ये माझ्या नावानं घरात येणारी रक्कम एकच, संजय गांधी निराधारचे महिना 1,500 रुपये. आईच्या बीपीच्या गोळ्या त्यातूनच यायच्या.

शिकवण्याला पूर्ण गुण. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो, पण तो आवाज कानात बसायला मला महिना लागला. मॅडमनी पहिल्याच दिवशी माऊस काढून ठेवले. मग इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर मराठी टायपिंग, एक्सेल, मेल.

नोकरी तालुक्याच्या एका पतसंस्थेत लागली, फोन आणि ठेवींच्या नोंदी. मॅडम चार दिवस सोबत आल्या. स्टँडपासून दारापर्यंतचा रस्ता, मधलं उघडं गटार, टपरीपाशी घ्यायचं वळण, सगळं पांढऱ्या काठीनं पाठ करून घेतलं. मॅनेजरसाहेबांना सांगितलं, कागदाचा फोटो पाठवू नका, टाइप केलेली फाइल द्या. ते चार दिवस नसते तर मी आठवड्यात घरी परतले असते.

केंद्र कमी पडलं ते पेन्शनच्या, म्हणजे या निराधारच्या पैशांच्या बाबतीत. निराधारची उत्पन्नाची अट इतकी खाली आहे की पूर्णवेळ पगार लागला की ती मोडतेच. आई विचारायची, "नोकरी सुटली तर परत तलाठी, तहसील, दाखले, सगळं पहिल्यापासून का गं?" केंद्रात कुणालाच नीट सांगता आलं नाही. बॅचमधल्या दोघींनी याच भीतीनं आलेली नोकरी सोडली. त्यातल्या एकीचं टायपिंग माझ्याहून कितीतरी जलद होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे, पण आमच्या बॅचला आलेल्या सगळ्या नोकऱ्या खासगी, कधीही जाऊ शकणाऱ्या. निदान पहिलं वर्षभर पेन्शन चालू राहायलाच हवी.

जाणार असाल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी काढा. ते दाखवून मिळणाऱ्या एसटीच्या 75 टक्के सवलतीमुळेच मला रोजचं जाणं-येणं परवडतं. आणि घरच्यांना एक दिवस वर्गात बसवा. माझी आई बसली होती. मी टाइप केलेलं पत्र तिनं दोनदा वाचलं. पुढे नोकरी लागल्यावर निराधार बंद करायचा अर्ज तिनंच मला टाइप करायला सांगितला.