आप्पा गेल्यानंतर: गोळी, समुपदेशन, १४४१६ आणि एक ॲप, सात-आठ महिने वापरून

आधी निकाल सांगते, ज्यांना घाई आहे ते एवढं वाचून गेले तरी चालेल. सगळ्यात जास्त फरक पडला तो झोप ताळ्यावर आल्याने, त्याखालोखाल समुपदेशनाने, आणि गोळीने पहिलं जमवलं म्हणूनच दुसरं जमलं. १४४१६ ही फोन हेल्पलाइन अडीअडचणीला खरंच कामाची. ध्यानाचं ॲप माझ्यापुरतं पैसे पाण्यात. नातेवाइकांच्या सल्ल्यांना मार्क द्यायचे झाले तर पेपर कोराच परत करावा लागेल.

मी साताऱ्याची, पतसंस्थेत नोकरी, पंचेचाळिशी ओलांडलेली. घरात नवरा, कॉलेजला जाणारी मुलगी, आणि आता आई पण आमच्याकडेच. आप्पा, म्हणजे माझे वडील, मार्गशीर्षात गेले, हार्टचं जुनं दुखणं होतं. तेरावा होईपर्यंत काही जाणवतच नाही हो, घर माणसांनी भरलेलं, कुणी चहा टाकतंय, कुणी पत्रावळ्या मोजतंय, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना तर काका एकेक करून सगळ्या इच्छा बोलून दाखवतायत, शेवटी भावाने "आईला आम्ही सांभाळू" म्हणल्यावर शिवला. मग सगळे आपापल्या गावी गेले, भाड्याच्या गाद्या परत गेल्या आणि तिथून खरं सुरू झालं. वर मार्च एंड. थकबाकीच्या याद्या, वसुलीचे फोन, ऑडिटवाल्यांचं जेवणखाण. ऑफिसात मी एकदम व्यवस्थित, लोक म्हणायचे केवढी खंबीर आहे, आणि रात्री तीन वाजले की टक्क जागी ते पार दूधवाला येईपर्यंत. भूक नाही, लेकीवर उगाच खेकसणं, छातीत धडधड. ईसीजी काढला, नॉर्मल. आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच शांतपणे सांगितलं की ताई, हे हृदयाचं नाही, मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा.

आता गोळीबद्दल, कारण सगळ्यात जास्त लोक हेच विचारतात आणि हळू आवाजात विचारतात.

मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्या भेटीत गोळी लिहायच्या आधी रक्त तपासायला लावलं: थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन. थायरॉइड कमी असलं तरी माणूस असाच मरगळतो, रडू येतं, वजन वाढतं, त्यामुळे ते आधी बघावं लागतं म्हणे. माझे रिपोर्ट ठीक आले. मग एक फॉर्म भरायला दिला, नऊ प्रश्नांचा, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं, झोप, भूक, लक्ष लागणं, जीव नकोसा वाटणं असं सगळं विचारतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. १० किंवा त्याच्या वर गेलं की डॉक्टर गांभीर्याने घेतात, मी बरीच वर होते. नुसत्या फॉर्मवर निदान करत नाहीत, पण मला त्याचा एक फायदा झाला. दर भेटीला तोच फॉर्म भरायचा, त्यामुळे "काहीच फरक नाही" असं मला वाटत असताना आकडा मात्र खाली येताना दिसत होता. हिशोबातल्या बाईला आकडा पटतो.

गोळी मिळाली एस्सिटालोप्रॅम, नैराश्यावरची, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. सोबत पहिल्या थोड्या दिवसांपुरती क्लोनाझेपॅमची अगदी छोटी मात्रा झोपेसाठी, आणि ही दुसरी गोळी लांबवायची नाही, तिची सवय लागते, हे डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं. आमच्या ओळखीत एकजण ही झोपेची गोळी कित्येक वर्षं मेडिकलमधून परस्पर आणून खातायत, तसलं काही करू नका. पहिली गोळी रोजची आहे, लागली की घेतली असं नसतं तिचं. पहिला आठवडा वाईट. मळमळ, तोंडाला कोरड, सारख्या जांभया, आणि धडधड उलट थोडी वाढलीच. डॉक्टरांनी आधी कल्पना दिली होती म्हणून टिकले, नाहीतर तिथेच सोडली असती. मळमळ पुढे आपोआप गेली. मनावरचा फरक कळायला महिना लागला आणि तो सुद्धा मला नाही, लेकीला कळला, म्हणली आई तू आज भांडी आपटली नाहीस. नवरा-बायकोच्या संबंधातली इच्छा कमी होते हा एक परिणाम आहे, लाजू नका, डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा गोळी बदलता येते. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, चक्कर, झटके बसल्यासारखं, चिडचिड असं होतं, हळूहळू कमी करत आणावी लागते. साधारणपणे बरं वाटायला लागल्यावर पुढे निदान सहा महिने चालू ठेवतात.

"गोळीने दुःख बधिर होतं का?" नाही. आप्पांची आठवण आली की अजून रडते. फक्त रात्री तीनला नाही रडत, झोपलेली असते.

१४४१६ बद्दल. ही सरकारची टेलिमानस नावाची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला सुरू झाली. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था याच्या मुळाशी आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. मी गोळी लागू पडायच्या आधीच्या काळात एका रात्री फोन केला होता, घरातले सगळे झोपलेले, मी गॅलरीत, श्वास पुरत नाहीये असं वाटत होतं. पलीकडच्या बाईंनी सल्ले दिले नाहीत हे मला सगळ्यात आवडलं. घरात आत्ता कोण आहे, जेवलात का, आणि सरळ सरळ विचारलं की जीव द्यायचा विचार येतो का. असं थेट विचारल्याने मनात भरतं असं लोकांना वाटतं, तसं नसतं, मला तर सुटल्यासारखं झालं की कुणीतरी विचारलं. तसे विचार येत असतील तर हे वाचत बसू नका, आत्ता तो नंबर लावा, घरात कुणाला तरी उठवा आणि जवळच्या हॉस्पिटलात जा. पण दर आठवड्याला बसून आपली गुंतवळ सोडवायची तर त्यासाठी समुपदेशकच पाहिजे.

समुपदेशन मी ऑनलाइन घेतलं. गावात ओळखीच्यांनी बघायला नको हे खरं कारण, उगाच दुसरं कशाला सांगू. एका भेटीची फी हजाराच्या आसपास, वेळ तासाभरापेक्षा थोडा कमी. पहिल्या दोन भेटीत वाटलं, ही बाई नुसती ऐकूनच घेतेय, एवढे पैसे कशाचे. नंतर एक गोष्ट तिने सांगितली त्यावर मी आजतागायत चाललेय. मला दोन्ही बाजूंनी सल्ले होते, मावशी म्हणायची मनसोक्त रडून घे, सासूबाई म्हणायच्या मन गुंतव, कामाला लाग. समुपदेशक म्हणली दोन्ही बरोबर आहेत आणि एकेकटं दोन्ही चूक आहे. १९९९ साली स्ट्रोब आणि शुट या दोन अभ्यासकांनी हेच मांडलंय, की शोकात माणूस झोक्यासारखा इकडून तिकडे जातो, कधी गेलेल्या माणसाकडे, कधी पुढच्या व्यवहाराकडे, आणि हे जाणं-येणं चालू असणं हेच ठीक असल्याचं लक्षण. माझा झोका मार्च एंडला एका टोकाला अडकला होता.

मग आम्ही वेळ ठरवली. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर अर्धा तास आप्पांचा. त्यांची पेटी उघडायची, बँकेची जुनी पासबुकं, एसटीचा पास, चष्म्याच्या तीन डब्या, रडू आलं तर रडायचं. वेळ संपली की पेटी बंद आणि कुकर लावायचा. दिवसा ऑफिसात आठवण आली तर मनाला सांगायचं, संध्याकाळी बघू. ऐकायला यांत्रिक वाटतं ना? मलाही वाटलेलं. पण दिवसभर दाबून ठेवलेलं रात्री तीनला उसळायचं ते यानेच कमी झालं.

अजून एक, ते शोकाचे पाच टप्पे रीलवर फिरत असतात, नकार, राग वगैरे. १९६९ मध्ये कुबलर-रॉस या डॉक्टर बाईंनी ते मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. त्यामुळे "मला राग आलाच नाही, माझं काही चुकतंय का" असल्या काळजीत पडू नका. मात्र सहा महिने, वर्ष उलटून गेलं तरी रोजची कामं होत नाहीत, त्या माणसाच्या विचाराशिवाय तासही जात नाही असं असेल तर तो आता वैद्यकशास्त्रातही वेगळा आजार मानला जातो आणि त्यावर उपचार आहेत.

ॲपचं नाव घेत नाही. वर्षाचं सबस्क्रिप्शन, मराठी ऑडिओ आहे म्हणून घेतलं, तर आवाज असा की आकाशवाणीवर हवामान सांगतायत. एक दिवस चुकला की "तुमची साखळी तुटली" असा मेसेज. अहो, माझे वडील गेलेत, साखळीचं काय घेऊन बसलात. श्वासाचा व्यायाम समुपदेशकाने फुकट शिकवला, चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, तेवढा पुरतो.

आईने यातलं काहीच केलं नाही. ती सकाळी देवळात हरिपाठाला जाते, तिथल्या चार बायकांतल्या तिघी विधवा, हरिपाठ झाला की पायरीवर बसून पाऊण तास गप्पा. तिची झोप माझ्या आधी सुधारली. मी भजनात रमणारी नाही, पण त्या पायरीवरच्या पाऊण तासाला मी समुपदेशनाइतकेच मार्क देईन.

खर्चाचं: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं अशी तरतूद आहे, पण बऱ्याच पॉलिसीत ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेले उपचार, धरलेलेच नसतात, त्यामुळे माझी सगळी फी खिशातून गेली. गोळी महाग नाही, जेनेरिकमध्ये तर अगदीच स्वस्त. फी झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जा.

सध्या गोळी चालू आहे, थंडीत कमी करायला सुरुवात करू म्हणतायत. समुपदेशन महिन्यातून एकदा. पितृपक्ष तोंडावर आलाय, त्या आठवड्याची एक जास्तीची भेट आधीच ठरवून ठेवलीय.

पहिल्यांदा जाणार असाल तर चालू गोळ्यांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट न्या, आणि काय काय होतंय ते कागदावर लिहून न्या. आत गेल्यावर रडू फुटतं आणि निम्मं सांगायचं राहून जातं.