स्वतःचा दवाखाना की सामुदायिक आरोग्य केंद्र?

फॅमिली मेडिसिनचं शिक्षण संपत आलं की हा प्रश्न येऊन उभा राहतोच. मी दोन्हीकडे काम केलंय: आधी सहा वर्षं स्वतःचा दवाखाना, मग नऊ वर्षं आरोग्य केंद्र. माझं पारडं केंद्राकडे झुकतं, हे सुरुवातीलाच सांगते. पण दवाखाना बंद करताना बरंच काही हातचं गेलं, तेही सांगायलाच हवं.

पैशाचं आधी उरकून घेऊ. दवाखान्यात जागा, उपकरणं, माणसांचे पगार सगळं तुमच्या डोक्यावर. जम बसायला वेळ लागतो, पण एकदा बसला की मिळकत वाढत जाते. केंद्रात पहिल्या महिन्यापासून ठरलेला पगार असतो आणि तुम्ही रजेवर गेलात तरी काम थांबत नाही. तो पगार बहुतेक वेळा दवाखाना थाटलेल्या तुमच्या मित्रांच्या कमाईपेक्षा कमी असतो. डोक्यावर कर्ज असेल, घरात कुणी तुमच्यावर अवलंबून असेल, तर हा हिशोब कागदावर मांडून बघा.

मोकळीक दवाखान्यात जास्त. एखाद्या पेशंटला अर्धा तास द्यावासा वाटला तर द्यायचा, कुणाला विचारायचं नाही. केंद्रात ओपीडीच्या वेळा, औषधांची यादी, महिन्याचे तक्ते हे सगळं आधीच ठरलेलं. हवं ते औषध यादीत नाही म्हणून दुसरं लिहून द्यावं लागतं, तेव्हा मला आजही त्रास होतो.

दवाखान्याची खरी ताकद मात्र सातत्यात आहे. डॉक्टर तोच, खुर्ची तीच, आणि ज्या मुलीला तुम्ही लस टोचली ती पुढे आपलं बाळ घेऊन येते. याचं मोल नुसतं भावनिक नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका मोठ्या अभ्यासात एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्या लोकांची तुलना जेमतेम वर्षभराची ओळख असलेल्यांशी केली होती. जुन्या पेशंटमध्ये तातडीने रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची आणि मृत्यूची शक्यता सुमारे पाव हिश्श्याने कमी आढळली. केंद्रात डॉक्टर बदलत राहतात आणि प्रत्येक बदलीबरोबर ही ओळख पुसली जाते. केंद्राचा सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो.

मग मी केंद्रातच का राहिले? एका पिशवीमुळे, असं म्हटलं तरी चालेल. रक्तदाबाचे एक वयस्कर गृहस्थ होते, माझ्या दवाखान्यापासूनचे पेशंट. रक्तदाब काही केल्या आटोक्यात येईना, म्हणून मी दवाखान्यात असताना दोनदा डोस वाढवला होता. पुढे ते केंद्रात येऊ लागले. तिथल्या नर्सने त्यांना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितलं आणि ती टेबलावर ओतायला लावली. पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं रिकामी होती, गुलाबी गोळ्या जशाच्या तशा. औषध तेच होतं, फक्त कंपनी बदलल्यामुळे रंग बदलला होता. त्यांना वाचता येत नव्हतं, गोळ्या ते रंगावरून ओळखत. "या माझ्या नाहीत," म्हणून त्यांनी गुलाबी गोळ्या बाजूला ठेवल्या होत्या, आणि मी मात्र न घेतलेल्या गोळीचा डोस वाढवत बसले होते. दवाखान्यात माझ्या मदतीला एकच माणूस होता आणि तो फोन, फाइली, पैसे यांतच बुडालेला असे. केंद्रात नर्स, फार्मसिस्ट, समुपदेशक, घरोघरी जाणारे आरोग्य कर्मचारी असतात. मला जे दिसत नाही ते त्यांच्यातल्या कुणाला तरी दिसतं.

दुसरा फरक याहून मोठा आहे. दवाखान्यात जो दार उघडून आत येतो तो माझा पेशंट. केंद्रात जो आलाच नाही तोही माझाच. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावातले डॉक्टर. चांगल्या उपचारांची गरज जिथे सर्वाधिक, तिथेच ते सर्वात कमी मिळतात, हे त्यांनी १९७१ साली मांडलं. आपल्या गावात तसं होऊ नये म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्यांवर न थांबता ते गावातल्या प्रौढांचा रक्तदाब मोजत राहिले. त्यांच्याकडे नोंदवलेल्या लोकांची यादी ठरलेली होती, म्हणून कोण राहिलं ते त्यांना कळत होतं. माझ्या दवाखान्यात अशी यादीच नव्हती. एखादा मधुमेही वर्षभर फिरकला नाही तर तो बरा आहे, दुसऱ्या डॉक्टरकडे जातोय की अंथरुणाला खिळलाय, हे कळायला मार्ग नव्हता.

केंद्राचा आवाका कुठवर जाऊ शकतो, याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या मिसिसिपीचं. १९६०च्या दशकात जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माउंड बायू इथे आरोग्य केंद्र उभारलं. मुलं कुपोषित होती, म्हणून तिथले डॉक्टर चिठ्ठीवर अन्न लिहून देत. दुकानदार धान्य, दूध देई आणि बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यातून भागवलं जाई. आक्षेप आला तेव्हा गायगर यांनी, कुपोषणावरचं औषध अन्नच आहे, अशा अर्थाचं उत्तर दिलं. त्या केंद्राने विहिरी आणि शौचालयांचंही काम केलं. एकट्याच्या दवाखान्याला हे झेपलं नसतं.

ज्याला आपल्या पद्धतीने, आपल्या गतीने काम करायचंय आणि एकाच जागी आयुष्य काढायची तयारी आहे, त्याने खुशाल दवाखाना थाटावा. वरून येणाऱ्या नियमांनी ज्याचा जीव घुसमटतो त्यानेही. पण पेशंट दाराबाहेर पडल्यावर त्याचं काय होतं, हा प्रश्न ज्याला घरी गेल्यावरही सोडत नाही, त्याने केंद्र बघावं.

होकार देण्याआधी तिथे एक अख्खा दिवस बसा. आधीचे डॉक्टर किती वर्षं टिकले, ते विचारा. रोज किती पेशंट बघायचे असतात, तेही विचारा. आणि नर्सला गाठून विचारा, की तपासणीची तारीख चुकवलेल्या पेशंटच्या घरी या महिन्यात कोण जाऊन आलं. तिने लगेच एखादं नाव सांगितलं, तर त्या केंद्राचा मनापासून विचार करा.