विंडोज ७ वर ‘लेटेस्ट क्रोम’ टाकून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसकडून ‘विंडोज ७ वर लेटेस्ट क्रोम’ टाकण्याचे २,८०० रुपये घेतले गेले. असं क्रोम मिळतच नाही. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून किमान विंडोज १० लागतं.

मूळ तक्रार एवढीच होती की सकाळी कॉम्प्युटर चालू केला की जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँक, काहीच उघडत नव्हतं. पडद्यावर ‘युअर क्लॉक इज बिहाइंड’ असं स्पष्ट लिहून येत होतं. रात्री मेन स्विच बंद होतो, कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली, त्यामुळे तारीख काही वर्षं मागे जायची आणि ब्राउझरच्या हिशेबी वेबसाइटचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) अजून लागूच झालेलं नसायचं. तारीख चुकली की सगळेच ब्राउझर एकदम अडतात. ही खूण ओळखता आली तर निम्मं काम झालं. बॅटरी शंभर रुपयांच्या आत मिळते.

दुरुस्तीवाल्याने तारखेला हातही लावला नाही. क्रोमच्या शॉर्टकटमध्ये दोन गोष्टी जोडल्या. पहिली ‘युजर-एजंट’, म्हणजे आवृत्ती १०९ असूनही वेबसाइटला नवा आकडा सांगायचा. दुसरी ‘इग्नोअर-सर्टिफिकेट-एरर्स’, आणि खरा धोका हिचाच. ती असली की खोटं सर्टिफिकेट दाखवणाऱ्या बनावट साइटवरही ब्राउझर अडवत नाही. बँकेचा पासवर्ड टाकणाऱ्या मशीनवर असं करून पैसे घेणं ही उघड लबाडी आहे.

तपासायला अवघड नाही. अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘क्रोम://व्हर्जन’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. पहिल्या ओळीत खरी आवृत्ती दिसते, ‘कमांड लाइन’च्या ओळीत जोडलेलं सगळं दिसतं. मग शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट. ‘क्रोम.ईएक्सई’नंतर हे दोन शब्द असतील तर पुसून टाका. टास्कबारवर पिन केलेल्या आयकॉनचा शॉर्टकट वेगळा असतो, तो राहून जातो आणि लोकांना वाटतं काढूनही फरक पडला नाही. तोही साफ करा, क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. ‘क्रोम.ईएक्सई’च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅबही बघा. तिथे गूगल एलएलसी नसेल तर क्रोमच्या नावाखाली दुसरंच काहीतरी बसवलेलं आहे, ते काढून टाका.

बॅटरी बदलण्याआधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) जाऊन साटा मोडचा (हार्ड डिस्क कशी चालवायची याचं सेटिंग) फोटो काढून ठेवा. बॅटरी काढल्यावर सेटिंग मूळ पदावर जातं, आणि साटा मोड ‘एएचसीआय’चा ‘आयडीई’ झाला तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. तेव्हाच ‘हार्ड डिस्क गेली’ म्हणून पुढचं बिल फाडलं जातं. पॉवर केबल काढा, क्लिप बाजूला दाबून जुनी बॅटरी उचला, नवी प्लसची बाजू वर ठेवून बसवा. बायोसमध्ये तारीख, वेळ आणि साटा मोड नीट करून सेव्ह करा. विंडोजमध्ये टाइम झोन +५:३० आहे ना, तेही पाहा.

दुसरा ब्राउझर हवाच असेल तर मोझिलाच्या स्वतःच्या साइटवरून फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) घ्या, विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टचा अपडेटचा संच) लागतो. ११५.१३ च्या आधीची फाइल पेनड्राइव्हवरून कुणी देत असेल तर घेऊ नका. तिच्यातलं एक रूट सर्टिफिकेट (बाकीचे दाखले ज्यावर तपासले जातात तो मूळ दाखला) १४ मार्च २०२५ ला संपलं, त्यामुळे अ‍ॅड-ऑन (ब्राउझरला जोडलेल्या जादा सोयी) बंद पडतात.

क्रोम १०९ ला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. त्या मशीनवर बिलं बनवा, बँकेचे व्यवहार दुसरीकडे करा. ‘विंडोज १० टाकून देतो, मग कायमची चिंता मिटली’ असंही कुणी सांगेल, पण त्याचा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. असा शॉर्टकट सापडला तर त्यावरून वापरलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.