हिरवा, निळा आणि शेवटी लाल: 'मॅजिक'चे आठ महिने

'मॅजिक: द गॅदरिंग' हा पाच रंगांच्या कार्डांचा खेळ खेळायला लागून मला आठ महिने झाले. पहिले पाच आठवडे हिरवा डेक (खेळायला घेतलेला कार्डांचा गठ्ठा), मग चार महिने निळा, आणि तेव्हापासून लाल. रंग निवडताना माझं काय चुकलं आणि काय जमलं, ते लिहितेय.

सुरुवातीला दादाला विचारलं, "कुठला रंग घेऊ?" त्याने कागदावर पाच कार्डांची नावं लिहून दिली. 1993 साली रिचर्ड गारफील्डचा हा खेळ आला, तेव्हाच्या पहिल्याच संचातली ही कार्डं. पाचही एका मानाची (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी शक्ती, ती मुख्यतः 'लँड' कार्डांतून मिळते), आणि पाचही 'तीन' काहीतरी देणारी. पांढरं हीलिंग साल्व्ह तीन लाइफ (हे शून्यावर आले की खेळाडू हरतो) देतं, निळं अँसेस्ट्रल रिकॉल तीन कार्डं, काळं डार्क रिच्युअल तीन माना. लाल लाइटनिंग बोल्ट तीन डॅमेज करतं आणि हिरवं जायंट ग्रोथ त्या टर्नपुरतं एका क्रीचरला, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डाला, +3/+3 करतं: त्याची ताकद आणि टिकाव दोन्ही तीनने वाढतात. ताकदीत ही पाच अजिबात सारखी नाहीत. तीन लाइफपेक्षा तीन कार्डं कितीतरी मोलाची, म्हणूनच ते निळं कार्ड बहुतेक फॉरमॅटमध्ये (कुठली कार्डं चालतील ते ठरवणाऱ्या खेळाच्या प्रकारांमध्ये) चालत नाही. पण रंगांचे स्वभाव समजायला इतकी चांगली मांडणी मला दुसरी सापडलेली नाही. दादा म्हणाला, "यातलं कुठलं तीन तुला हवंसं वाटतं?"

मी जायंट ग्रोथवर बोट ठेवलं. पहिल्या टर्नला माना देणारं क्रीचर लॅनोवार एल्व्हज, दुसऱ्या टर्नला हातात तीन माना, आणि समोरच्याच्या आधी आपलं दांडगं क्रीचर टेबलावर. मजा आली, खोटं कशाला बोलू! पण पाच आठवड्यांत एक गोष्ट खटकायला लागली. दादाच्या टर्नला मला करण्यासारखं काहीच नसायचं. मी चार क्रीचर उतरवायचे, तो चार मानांचं रॅथ ऑफ गॉड टाकून सगळी एका फटक्यात साफ करायचा, आणि मी नुसती बघत बसायचे.

म्हणून निळा घेतला. दोन आयलंड (निळी माना देणारी लँड) अनटॅप, म्हणजे न वापरता उभी ठेवायची, हातात समोरच्याचं कार्ड रद्द करणारं दोन मानांचं काउंटरस्पेल धरायचं आणि वाट बघायची. दादा कार्ड खाली ठेवतो, माझ्याकडे बघतो. चालू दे की अडवू? निळ्याची गोम अशी आहे की एखादी गोष्ट टेबलावर यायच्या आधी तो तिला अडवू शकतो. एकदा का ती आली, की तिला नष्ट करणं त्याला सहसा जमत नाही. अनसमनसारख्या कार्डाने फार तर मालकाच्या हातात परत पाठवता येते. त्यामुळे प्रत्येक निर्णय तिथल्या तिथे, आणि एका डावात असे दहा-बारा तरी. मी बऱ्यापैकी जिंकायला लागले होते. पण डाव संपला की डोकं जड व्हायचं. हरले तर झोपतानाही एकच विचार, ते एक कार्ड सोडायला नको होतं. जिंकले तरी आठवायचं ते दादाला काय करू दिलं नाही तेच. मी स्वतः काय केलं, ते आठवायचंच नाही. हा खेळ मला असा नको होता, हे मान्य करायला चार महिने लागले, कारण निळा म्हणजे हुशारांचा रंग हे मनात पक्कं बसलं होतं.

लाल रंगाबद्दलचा माझा समज त्याच्या बरोब्बर उलटा होता. दिसलं की जाळायचं, त्यात विचार कसला? हिशेबही तसा सोपा दिसतो. समोरच्याचे 20 लाइफ, बोल्टसारखं एक कार्ड तीनचं, म्हणजे सात कार्डांत 21. सुरुवातीचा हातही सातच कार्डांचा. पण त्या सातांत लँड लागतातच. 60 कार्डांत मी 20 लँड ठेवते, म्हणजे पहिल्या हातात सरासरी दोनाच्या जरा वर. उरलेल्या चार-पाच कार्डांत 20 भरत नाहीत. मग प्रत्येक बोल्टला प्रश्न उभा राहतो: समोरच्या क्रीचरवर टाकू की थेट खेळाडूवर? क्रीचरवर खर्च केला तर तीन डॅमेज गेले. नाही केला तर ते क्रीचर मला टर्नमागे दोन-तीनने कापत जाणार.

एक डाव सांगते. दादा निळा खेळत होता आणि सहा लाइफवर होता. मी दोन माउंटनवर (लाल माना देणाऱ्या लँडवर) अडकलेली, तिसरं लँड येतच नव्हतं. हातात एक लाइटनिंग बोल्ट आणि दोन लाव्हा स्पाइक, तिन्ही एका मानाची, तिन्ही तीन डॅमेजची. त्याने आपल्या टर्नमध्ये कार्डं ओढली, बाकीची लँड टॅप केली आणि दोन आयलंड उभी ठेवली. मी माझ्या टर्नची वाट बघितली असती तर दोन माउंटनवर दोनच कार्डं पडली असती. त्यातलं एक त्याने अडवलं असतं, तो तीनवर वाचला असता आणि पुढच्या टर्नला त्याची सगळी लँड पुन्हा उभी राहिली असती.

बोल्ट इन्स्टंट आहे, समोरच्याच्या टर्नलाही टाकता येतं; लाव्हा स्पाइक सॉर्सरी, फक्त आपल्याच टर्नला. म्हणून त्याच्याच टर्नच्या शेवटी मी बोल्ट टाकला. दादाची बोटं आयलंडवर जाऊन थांबली. ते थांबणं माझ्या चांगलंच ओळखीचं होतं, चार महिने मी तेच करत होते. अडवलं तर दोन्ही आयलंड टॅप होणार आणि माझ्या टर्नला दोन्ही स्पाइक बिनधोक जाणार. सोडलं तर तो तीनवर येणार, आणि दोन स्पाइकपैकी एकच त्याला अडवता येणार. त्याने अडवलं. मी माउंटन अनटॅप केली, एकामागून एक दोन्ही स्पाइक खाली ठेवली. दादाने हातातली कार्डं टेबलावर पसरली आणि म्हणाला, "हे तू निळ्यात शिकलीस."

खरंच आहे. त्या चार महिन्यांशिवाय मी तो बोल्ट माझ्याच टर्नला टाकला असता.

तीन महिन्यांत लालची दुखणीही कळली. पाचव्या-सहाव्या टर्नपर्यंत हात रिकामा होतो आणि मग वरून येईल त्या एका कार्डावर भिस्त. समोरचा लाइफ वाढवणारा असेल तर आपली दोन-दोन कार्डं वाया जातात. सगळ्यात वाईट म्हणजे एन्चांटमेंट, टेबलावर राहून सतत परिणाम करणारी जादूची कार्डं. आर्टिफॅक्ट (वस्तूंची कार्डं) फोडण्यात लालचा हात धरणारं कोणी नाही, पण एन्चांटमेंटपुढे तो हतबल आहे. दादाने साइडबोर्डमध्ये (डावांच्या मध्ये बदलायच्या राखीव कार्डांत) लेलाइन ऑफ सँक्टिटीच्या चार प्रती ठेवल्या. सुरुवातीच्या हातात असेल तर ते कार्ड फुकटात टेबलावर येतं, आणि मग मला त्याच्यावर नेमच धरता येत नाही. चार प्रती असताना पहिल्या सातांत एक तरी येण्याची शक्यता 40 टक्क्यांच्या आसपास असते. त्यावर उतारा म्हणून एन्चांटमेंट नष्ट करणाऱ्या डिसेंचँटसाठी पांढरा मिसळून बघितला. दोन आठवडे हातात कधी नुसती प्लेन्स (पांढरी लँड), कधी नुसती माउंटन. सोडून दिलं. लेलाइन आलं की तो डाव बहुतेक गेला असं मी धरते आणि बाकीचे नीट खेळते.

काळा आणि पांढरा मी मोजकेच डाव खेळलेय, त्यामुळे त्यांच्यावर बोलत नाही. एवढंच, की काळ्याचं थॉटसीझ मनात घर करून आहे: दोन लाइफ मोजायचे, समोरच्याचा अख्खा हात बघायचा आणि त्यातलं एक कार्ड काढून टाकायचं.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी कार्डं घ्यायच्या आधी कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहून, त्या जुन्या लँडवर चढवून स्लीव्हमध्ये घालाव्यात आणि प्रत्येक रंगाचे निदान दहा डाव खेळावेत. मी पहिल्याच दिवशी हिरवा डेक पक्का करून बसले, तसं करू नका. आणि हरल्यावर तो डाव लगेच पुन्हा मांडावासा वाटतो का, तेवढं बघा. निळ्यात मला कधीच वाटलं नाही. लालमध्ये कार्डं गोळा करता करताच मी पिसायला लागते.

सध्या 20 ऐवजी 19 माउंटनवर खेळून बघतेय. मोकळ्या जागी चौथं लाव्हा स्पाइक घातलंय. दहा डावांत दोनदा एकाच लँडवर अडकले, तरी अजून दहा खेळून मगच ठरवणार.